उष्ण गाठीची ग्वाही

ज्या काळात मी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरात किरणोत्सारी द्रव्यांच्या वैद्यकीय उपयोगाचे शिक्षण घेतले, त्या काळात थायरॉईडच्या गाठींविषयी विद्यार्थ्याने सर्वप्रथम मुखोद्गत करावयाचे विधान असे होते की, स्कॅनमध्ये जी गाठ ‘थंड’ दिसते तिच्याविषयी मनात कर्करोगाचा संशय धरावा आणि जी ‘उष्ण’ दिसते तिच्याविषयी निःशंक असावे. हे विधान खोटे नव्हते, आजही नाही. परंतु ज्या विधानाला अनुभव बहुतेक वेळा दुजोरा देतो त्याच्याविषयी विचारपूस करण्याची सवय हळूहळू सुटते, आणि ती सुटली म्हणजे ते विधान शास्त्र न राहता नुसता रिवाज होऊन बसते. पुढे मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अणुवैद्यक विभागात स्कॅनचे अहवाल लिहिण्यात माझी नोकरी गेली, आणि त्या ओघात या विधानाच्या सांदीकोपऱ्यांची जी ओळख मला होत गेली, तिची ही कैफियत आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस श्वासनलिकेला बिलगून असलेली, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची ग्रंथी. रक्तातले आयोडीन वेचून घ्यावे, त्यापासून संप्रेरक बनवावे आणि ते शरीरभर धाडावे, एवढाच तिचा व्यवसाय. आणि तो किती करावा याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून टीएसएच या द्रव्याच्या रूपाने येत असतो. एखाद्या कचेरीत वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता एकाच कारकुनाने रात्रंदिवस कागद काढीत सुटावे, कामाचा तो ढीग पाहून वरिष्ठांनी हुकूम देणेच बंद करावे, आणि हुकूम नाही म्हणून बाकीच्या सर्व कारकुनांनी हातावर हात ठेवून बसावे, तशी उष्ण गाठ असलेल्या ग्रंथीची अवस्था होते. गाठ एकटी राबते, उरलेली ग्रंथी निजते, आणि रुग्णाच्या वाट्याला धडधड, हातांचा कंप, घाम, अनिद्रा आणि खाऊनपिऊन खंगत जाणे येते. मेयो क्लिनिकमधील हेन्री प्लमर यांनी १९१३ साली गाठींमुळे होणारा हा विकार, ज्यात सबंध ग्रंथीच अतोनात राबते त्या ग्रेव्हजच्या विकाराहून वेगळा काढून दाखविला. आणि गाठ हुकमाशिवाय का राबते याचा उलगडा पुष्कळ उशिरा, १९९३ साली, ब्रुसेल्सच्या संशोधकांनी केला. टीएसएच ज्या ग्राहकावर येऊन बसते, त्या ग्राहकाच्याच जनुकात बदल होतो आणि टीएसएच येवो न येवो, तो सदैव चालू राहतो. आहारात आयोडीनची वाण असलेल्या मुलखात अशा गाठी अधिक. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन गलगंड हटतो हे सिद्ध केले, १९६२ साली सरकारने त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पण ज्यांचे बालपण त्या मिठाआधीच सरले होते, त्यांच्या मानेतल्या जुन्या गाठी पुढे कितीतरी वर्षे आमच्या टेबलावर येत राहिल्या.

स्कॅनची कृती सांगावयास सोपी आहे. टेक्निशियम नावाचे, सहा तासांचे अर्धायुष्य असलेले द्रव्य शिरेतून द्यावयाचे, वीसेक मिनिटे थांबावयाचे, खांद्यांखाली उशी सरकवून रुग्णाची मान मागे झुकवावयाची आणि गॅमा कॅमेऱ्याचे निमुळते तोंड गळ्यावर आणून ठेवावयाचे. थायरॉईड आयोडीनच्याच दाराने हे द्रव्य आत घेते आणि जिथे ते अधिक घेतले जाते तिथे चित्रावर ठिपके दाट उमटतात, म्हणजे ती जागा ‘उष्ण’ दिसते. माझ्या उमेदवारीच्या काळात ट्रॉम्बेहून आलेल्या मॉलिब्डेनममधून सकाळी सकाळी टेक्निशियम वेगळे काढण्याचे काम द्रावकाच्या साहाय्याने प्रयोगशाळेतच चाले आणि काही ठिकाणी अजून जुने रेखीय स्कॅनर होते. ते यंत्र मानेवरून इंच इंच सरकत पुढेमागे जाई आणि कागदावर टकटक करीत ठिपके मारी. त्या टकटकीचा वेग वाढला की गाठ आली, हे तंत्रज्ञ पाठमोरा उभा राहूनही सांगत असे. चित्र निघाल्यावर मात्र यंत्रावर विसंबून चालत नसे. रुग्णाला घोटभर पाणी गिळावयास लावून आपल्या बोटांनी गाठ चाचपावयाची, तिच्या जागी त्वचेवर खूण करावयाची आणि बोटाला लागलेली गाठ व कागदावरचा दाट ठिपका एकच आहेत ना याची रुजुवात घालावयाची, हा आमच्या गुरुजनांचा दंडक होता. पुढे यंत्रे सुधारली, चित्रे देखणी झाली आणि मान चाचपण्याचा परिपाठ कमी होत गेला, याचे मला अजूनही वैषम्य वाटते.

या चित्रातील एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही. उष्ण गाठीच्या स्कॅनमध्ये एक काळाभोर गोल दिसतो आणि बाकीची ग्रंथी जवळजवळ दिसतच नाही. टीएसएचच्या अभावी ती निजलेली असते, द्रव्य घेत नाही, आणि म्हणून तिची जागा कोरी राहते. आता त्या निजलेल्या भागात दुसरी एखादी गाठ असेल, आणि ती थंड जातीची, म्हणजे मुळातच द्रव्य न घेणारी असेल, तर ती कशी दिसावी? जागती ग्रंथी भोवती असेल तर थंड गाठ दाट ठिपक्यांमधला खळगा म्हणून उठून दिसते. कोऱ्या कागदावर कोरी जागा दिसण्याचा काही मार्गच नाही. म्हणजे ज्या स्कॅनच्या बळावर आपण ‘थंड गाठ नाही’ असे लिहितो, तो स्कॅन त्या प्रसंगी थंड गाठ दाखविण्यास असमर्थच असतो. चित्र खोटे बोलत नाही. ‘कोण राबत आहे’ एवढाच प्रश्न त्याला विचारलेला असतो आणि तेवढ्याचेच उत्तर ते देते. ‘कोण सालस आहे’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो, आणि तरीही त्याचे उत्तर त्यात वाचण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

साताऱ्याकडच्या एक मावशी मुलाबरोबर आल्या होत्या, तो प्रसंग याच जातीचा. वय पन्नाशीच्या पुढचे, नऊवारी अंगावर सैल झालेले, हात पुढे करावयास सांगितले तर बोटांची पानासारखी थरथर. बरोबरच्या चिठ्ठीत एका खासगी डॉक्टरांनी रोगनिदान लिहून, स्कॅन झाल्याबरोबर पंधरा मिलिक्युरी आयोडीनचा डोस देण्याची तजवीज करावी, असे सुचविले होते. अशा विकारावर किरणोत्सारी आयोडीन हा उत्तम इलाज आहे यात वाद नाही. राबणारी गाठ ते अधाशीपणाने पिते आणि स्वतःच करपते, निजलेली ग्रंथी वाचते. स्कॅनही चोख आला: उजव्या खंडात सुपारीहून थोरली उष्ण गाठ, बाकी सर्व कोरे. मावशी म्हणाल्या, “बाई, एवढीशी गाठ, पर तिनं माझी झोप खाल्ली बघा. काय औषध द्यायचं ते आजच देऊन टाका, म्हंजी संध्याकाळची गाडी गावंल.” संध्याकाळची गाडी गाठून देण्यास माझी ना नव्हती, पण गुरुजनांच्या दंडकाप्रमाणे मान चाचपली, तेव्हा डाव्या खंडाच्या खालच्या टोकाशी, पाणी गिळताना क्षणभर वर येऊन पुन्हा दडणारे, वाटाण्याएवढे काहीतरी टणक बोटाला लागले. कागदावर त्या जागी अर्थातच काही नव्हते.

त्यांना त्याच दिवशी सोनोग्राफीस पाठविले. सव्वा सेंटिमीटरची गाठ, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा खोली अधिक, आत चुन्याच्या बारीक कणांसारखी चमक, आणि मानेच्या डाव्या बाजूस एक गोलसर फुगलेली लसिकाग्रंथी. सुईच्या तपासणीचा निकाल ‘पॅपिलरी कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, असा आला. त्या दिवशी चिठ्ठीतला डोस देऊन मोकळे झालो असतो तर काय घडले असते, याचा विचार वारंवार मनात येतो. उजवी गाठ करपली असती, धडधड थांबली असती, अंगावर मूठभर मांस चढले असते आणि मावशी बऱ्या झाल्या असे सर्वांनी खात्रीने म्हटले असते. मात्र डावीकडच्या गाठीने, निजलेल्या खंडात असल्यामुळे, त्या आयोडीनचा थेंबही घेतला नसता. आणि बऱ्या झालेल्या रुग्णाची मान कोण तपासतो?

यापुढे जो कालावधी गेला तो घरच्या मंडळींना सर्वांत जड गेला. कर्करोग आहे असे एकदा सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा असते. आणि येथे तर भूलतज्ज्ञ नाडी खाली येईपर्यंत टेबलावर घेण्यास राजी नव्हते, कारण संप्रेरक उतू जात असताना गळ्याला शस्त्र लावले तर विकार एकाएकी उफाळून प्राणावर बेतू शकते. नियोमर्काझोलच्या गोळ्या, प्रोप्रॅनोलॉल, दर पंधरवड्याला रक्ताची तपासणी, असे चालले असताना मुलगा दर खेपेस विचारी, “मॅडम, तोवर तो पसरणार नाही ना?” पॅपिलरी जातीचा हा रोग सामान्यतः मंदगती असतो, काही आठवड्यांच्या विलंबाने त्यात फरक पडत नाही, हे सांगणे सोपे, ऐकणाऱ्याला पटविणे त्याहून कठीण. शेवटी संपूर्ण थायरॉईड काढली गेली. पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात दोन स्वतंत्र नोंदी होत्या: उजवीकडची गाठ निव्वळ सौम्य अ‍ॅडेनोमा, डावीकडची कर्करोगाची, आणि दोन लसिकाग्रंथींत त्याचा प्रवेश झालेला. एकाच गळ्यात दोन विकार शेजारी नांदत होते आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पहिल्याने आरडाओरडा केला म्हणून रुग्ण दवाखान्यात आली, आणि त्याच आरडाओरड्यात दुसऱ्याचा आवाज बुडाला.

मावशींना आयोडीनचा डोस अखेर मिळालाच, पण निराळ्या कारणासाठी आणि कितीतरी मोठ्या प्रमाणात. थायरॉईड काढल्यावर पीयूषिका ग्रंथी यथावकाश जागी होते, टीएसएच चढते, आणि जो उरलासुरला रोग पूर्वी आयोडीनला विन्मुख होता, तोच आता ते घेऊ लागतो. स्कॅनमध्ये जिथे कोरे होते तिथे औषध पोहोचते ते यामुळे. एकांताच्या खोलीत त्यांना काही दिवस ठेवावे लागले. त्या खोलीचे सांडपाणीसुद्धा स्वतंत्र टाक्यांत साठवून, किरणोत्सार ओसरल्यावरच सोडले जाते. आजाराविषयी मावशींनी फारसे काही विचारले नाही. नातवाला कधी मांडीवर घेता येईल, एवढे मात्र दाराच्या शिशाच्या आडोशापलीकडून दोनदा विचारले. आणि संप्रेरक फार झाले म्हणून जी बाई आली, तिला जन्मभर पहाटे उपाशीपोटी त्याच संप्रेरकाची गोळी घ्यावयाची, तीही प्रथम काही वर्षे टीएसएच मुद्दाम दबलेले राहील अशा बेताने, हे समजावून देताना माझीच थोडी त्रेधा उडाली. “म्हंजी आधी जास्त झालं म्हणून काढलं, आन् आता वरून घालायचं?” या त्यांच्या प्रश्नात तर्कदृष्ट्या काही उणे नव्हते.

कर्करोग शेजारच्या गाठीत नव्हे तर खुद्द उष्ण गाठीतच असावा, हा प्रकार याहून विरळ. कर्कपेशी साधारणतः आयोडीन वेचण्याची कला विसरतात, म्हणून त्या थंड दिसतात. तथापि सर्वच विसरतात असे नाही. राबणाऱ्या एकट्या गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या त्या वृत्तान्तांची बेरीज केली तर त्यांत कर्करोग शेकडा तीनच्या आसपास आढळतो असे वैद्यकीय वाङ्मय सांगते. थंड गाठींत हेच प्रमाण शेकडा पाच ते पंधरा धरले जाते. पण तीनचा हा आकडाही जपून घ्यावा, कारण शस्त्रक्रियेला पाठविलेल्या गाठी मुळातच निवडलेल्या असतात. मोठ्या, टणक, वाढत्या किंवा कोणाला तरी खटकलेल्या. ज्या गाठी आयोडीनने करपविल्या त्यांच्या पोटात काय होते याचा पंचनामा कधी होतच नाही.

आणखी एक फसगत टेक्निशियममुळे होते. हे द्रव्य ग्रंथीत शिरते, पण आयोडीनप्रमाणे पुढे संप्रेरकात गुंफले जात नाही. म्हणून ज्या पेशींना आत घेण्याची कला उरली आहे आणि गुंफण्याची गेली आहे, त्या टेक्निशियमने उष्ण दिसतात व आयोडीनने थंड. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाची गाठ अशीच काळीभोर आली. मात्र त्याच्या अर्जावरचा टीएसएचचा आकडा अगदी जागच्या जागी होता आणि भोवतालची ग्रंथीही दिसत होती. गाठ खरोखर राबत असेल तर टीएसएच खाली आलेच पाहिजे. जमाखर्चाचा मेळ बसेना, म्हणून आयोडीन देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र घेतले तेव्हा त्याच जागी खळगा निघाला. ती गाठ पुढे कर्करोगाचीच ठरली. अशा वयात तर उष्ण गाठही शल्यविशारदाकडेच सोपवावी असा अलीकडचा कल आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

कर्करोगाची पेशी राबूच शकत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी न्यूयॉर्कच्या सॅम्युएल सीडलिन यांचा १९४६ साली प्रसिद्ध झालेला वृत्तान्त अवश्य वाचावा. त्यांच्या रुग्णाची थायरॉईड कितीतरी वर्षांपूर्वी काढलेली होती, तरीही अंगात संप्रेरकाचा अतिरेक होता. कारण हाडांत व अन्यत्र पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीच ते निर्माण करीत होत्या. त्या राबत होत्या म्हणूनच किरणोत्सारी आयोडीन त्यांनी घेतले आणि रुग्णाला उतार पडला. कर्करोगावरील आयोडीनच्या उपचाराचा पाया या एका विलक्षण माणसाच्या प्रकृतीने घातला, असे म्हटले तरी चालेल. या उपचाराचा आरंभच ज्या रुग्णापासून होतो, तोच उष्ण गाठीच्या निर्दोषत्वाला छेद देतो, हे आमच्यापैकी कितीजणांच्या ध्यानात राहते?

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की प्रत्येक उष्ण गाठीत सुई खुपसावी, तर तो मात्र मला मान्य नाही. राबणाऱ्या गाठीतील पेशी दाटीवाटीने, लहान लहान वर्तुळांत जमलेल्या असतात. सुईच्या नमुन्यात त्या हटकून संशयास्पद दिसतात आणि ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ असा शेरा घेऊन निर्दोष माणूस शस्त्रक्रियेच्या रांगेत उभा राहतो. शिवाय शोधू गेले तर सापडतेच. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात १०१ पैकी ३६ जणांच्या थायरॉईडमध्ये सूक्ष्म पॅपिलरी कर्करोग निघाला. त्यांच्यापैकी कोणाचाही मृत्यू त्या रोगाने झाला नव्हता. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीचे पेव फुटल्यावर १९९३ ते २०११ या काळात या रोगाची निदाने पंधरापट झाली, आणि मृत्यूचे प्रमाण होते तिथेच राहिले. आमच्याकडे एका सरकारी कचेरीतील गृहस्थांची उष्ण गाठ तिच्या आकारामुळे काढावी लागली, आणि गाठीच्या बाहेर, कोपऱ्यात, तीन मिलिमीटरचा तसलाच सूक्ष्म ठिपका निघाला. अहवालातला ‘कार्सिनोमा’ हा शब्द त्यांनी घरी जाण्यापूर्वीच वाचला आणि प्रॉव्हिडंट फंडाची सर्व रक्कम काढण्याचा अर्ज लिहून ते मला भेटावयास आले. “आपण हा अर्ज परत घ्या,” असे मी त्यांना म्हटले. तो ठिपका आता देहात नाही आणि असता तरी बहुधा काही न करता निपचित पडून राहिला असता, हे समजून घेण्यास त्यांना पुष्कळ दिवस लागले. आवश्यक ते शोधणे आणि अनावश्यक ते न शोधणे यांतली रेघ फार बारीक आहे, आणि ती प्रत्येक मानेवर नव्याने ओढावी लागते.

अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी आहेत: उष्ण गाठीला सुईच्या तपासणीची गरज नाही, आणि गाठ असलेल्या प्रत्येक रुग्णाची, मानेतल्या लसिकाग्रंथींसह, सोनोग्राफी व्हावी. पहिली गोष्ट आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे. दुसरीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण पहिलीने काम वाचते आणि दुसरीने वाढते. मी स्वतः अहवालात ‘गाठ उष्ण, सबब कर्करोगाची शक्यता नाही’ ही जोडओळ लिहिणे फार पूर्वीच सोडून दिले. ‘उजव्या खंडातील गाठ स्वयंप्रेरित आहे, उर्वरित ग्रंथी दबलेली असल्यामुळे तिच्यातील गाठींविषयी या चित्रावरून मत देता येत नाही’ असे लांबलचक वाक्य घालू लागले. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप असे की, असा अहवाल वाचून चिठ्ठी पाठविणाऱ्या डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. आक्षेप अगदीच वावगा नव्हता. म्हणून पुढे वाक्य तसेच ठेवून मी स्कॅनच्या अर्जाच्या नमुन्यातच सोनोग्राफीचा एक रकाना घालून घेतला, त्यासाठी कार्यालयात बराच पत्रव्यवहार करावा लागला. तो रकाना आजही निम्म्याअधिक वेळा रिकामाच येतो. अशा रुग्णाला परत न धाडता आमचे तंत्रज्ञ आधी तळमजल्यावरच्या सोनोग्राफीत नेऊन बसवितात, आणि आगाऊ नोंद न करता माणसे पाठविल्याबद्दल तिथल्या मंडळींची आमच्याशी अधूनमधून हुज्जत चालू असते.